खांब उभा राहायच्या आधी



विजेच्या मोटारींचा आणि आपला काय संबंध, असं पाड्यात कोणी विचारलं तर त्यात चूक काही नाही. आपल्या कितीतरी पाड्यांना अजून धड रस्ता नाही. बाई अडली तर डोली करून तिला खालच्या सडकेपर्यंत आणावं लागतं. पावसाळ्यात चार-चार दिवस लाईट नसते. मग शहरातली मोटार पेट्रोलवर चालते की बॅटरीवर, याची काळजी आपण कशाला करायची? तरी या अंकाचं संपादकीय याच विषयावर लिहायचं आम्ही ठरवलं. कारण ती मोटार आपल्याकडे यायला वेळ असला, तरी तिच्या विजेसाठी लागणारी जागा बघायला माणसं येऊन गेली आहेत.

दिवाळी झाली की आपली निम्मी माणसं वीटभट्टीवर जातात. पाड्यात म्हातारी, लहान पोरं आणि थोडी घरं उरतात. नेमक्या याच दिवसांत यंदा आपल्या भागातल्या तीन पाड्यांवर मोजणीवाले आले. तिपाईवर यंत्र लावून माळ मोजला, दगडांवर चुन्याने आकडे टाकले, एका ठिकाणी ड्रोन उडवला. कसलं काम आहे विचारलं तर एका पाड्यात सांगितलं सोलरचं, दुसऱ्यात सांगितलं वर धरण होणार, तिसऱ्यात नुसतं 'सरकारी काम' म्हणाले. कागद कोणी दाखवला नाही. ग्रामसभेला पत्र नाही, वनहक्क समितीला निरोप नाही. तेव्हापासून संघटनेकडे जो येतो तो एकच विचारतो: हे आहे काय, आणि आपण काय म्हणायचं?

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. आपण सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेच्या विरोधात नाही. कोळशाचा आणि तेलाचा धूर कमी झालाच पाहिजे. पाऊस बिघडला आहे हे आपल्याला कोणी शाळेत शिकवायला नको. नाचणी-वरईची रोपं लावायच्या वेळेला पाऊस दडी मारतो आणि कापणीच्या वेळेला येऊन उभं पीक झोपवतो. आंब्याचा मोहोर अवकाळीत गळतो. हवामान बिघडवण्यात आपला हात सगळ्यात लहान आणि त्याचा मार मात्र आपल्याला सगळ्यात आधी. म्हणून कोळसा जाऊन सूर्य आणि वारा येत असेल तर त्याला आपण हातच जोडू. कोणी उद्या पेपरात लिहिलं की आदिवासी प्रगतीच्या आड येतात, तर त्याला हे वाक्य वाचून दाखवा.

आता या नव्या विजेचा हिशोब समजून घेऊ. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी जगाला शब्द दिला, की २०३० पर्यंत कोळसा-तेल सोडून इतर मार्गांनी ५०० गिगावॅट वीज करायची ताकद भारत उभी करेल. एक गिगावॅट म्हणजे १००० मेगावॅट. सोलरच्या १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते. म्हणजे १०० मेगावॅटचा एक सोलर पार्क म्हटला तरी ४००-५०० एकर. आपल्याकडच्या एका गावाची दळी, वरकस आणि गायरान मिळून एवढी जागा होते.

दुसरी अडचण रात्रीची. मोटारी बहुतेक रात्री चार्जिंगला लागतात, आणि सूर्य तर संध्याकाळी मावळतो. म्हणून दिवसाची वीज कुठेतरी साठवावी लागते. एक मार्ग मोठमोठ्या बॅटऱ्यांचा. दुसरा मार्ग आपल्या घाटातला आहे. त्याला सरकारी भाषेत उदंचन प्रकल्प म्हणतात. डोंगराच्या माथ्यावर एक धरण, पायथ्याला दुसरं धरण. दिवसा वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, रात्री मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. वर चढवायला ४ युनिट लागली तर खाली येताना साधारण ३ हाती लागतात. असा एक प्रकल्प घाटघरला २००८ पासून चालू आहे, २५० मेगावॅटचा. आता मात्र आकडे फार मोठे आहेत. २०२३ साली राज्य सरकारने दोन कंपन्यांशी मिळून १३,०५० मेगावॅटचे करार केले. त्यात कर्जत, मावळ, जुन्नर ही नावं आहेत. ही नावं नकाशावर बघा. ठाकर, कातकरी, महादेव कोळी जिथे राहतात तीच ही डोंगररांग. माथा आणि पायथा दोन्ही लागतात, आणि दोन्हीकडे आपण.

एवढी जागा सरकारला सापडते कुठे? तर 'पडीक' या एका शब्दात. केंद्र सरकार उपग्रहाचे फोटो वापरून देशातल्या पडीक जमिनीचा नकाशासंग्रह काढतं. २०१९ च्या संग्रहात देशातली साडेपाच कोटी हेक्टरच्या वर जमीन पडीक धरली आहे. उपग्रहाला वरून दिसतो उघडा माळ, खडक आणि गवत. तलाठ्याच्या वहीत तीच जागा पोटखराबा असते नाहीतर वरकस. पण त्या माळावर वर्षभर काय चालतं ते आपल्याला विचारा. एक-दोन वर्षं वरई, मग जमिनीला विसावा, मग पुन्हा नाचणी. पावसाच्या तोंडाला शेवळी, मग कंटोळी, मग अळंबी. दिवाळीनंतर पेंढा नि गवत. उन्हाळ्यात करवंदं आणि मोहाची फुलं. गावाची गुरं तिथे चरतात, राबाला पाला तिथून येतो, चुलीचं लाकूड तिथून येतं, आणि ज्यांना आपण हाक मारतो ते देव पण तिथेच बसलेले आहेत. असल्या जागेला पडीक कसं म्हणायचं? खरं तर कसणाऱ्याचं नाव कागदावर नसलं की सरकार त्या जमिनीला पडीक म्हणतं. हा शब्द जोपर्यंत वहीत आहे तोपर्यंत कोणीही साहेब टेबलावर बसून आपला माळ कुणालाही दाखवू शकतो.

चांगल्या कामासाठी आपली जागा मागायची ही रीत जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि धूर ओकत. तेव्हा सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज आली. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. पाण्याला तेव्हा 'पांढरा कोळसा' म्हणत. मुंबईला बिनधुराची वीज मिळाली. आणि मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापट आणि त्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तरी धरण झालं. मुंबईची तहान भागवायला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी गेलं. आणि त्या धरणांच्या शहापूर तालुक्यात आज मार्च-एप्रिल आला की पाड्यावरच्या बाया टँकरची वाट बघत हंडे मांडतात. शहराला वीज आणि पाणी लागतं हे आम्हाला मान्य आहे. पण प्रत्येक वेळी देणारा तोच आणि घेणारा तोच असेल, तर त्याला देशाचं काम म्हणून गप्प बसवता येणार नाही.

आता एक लांबची गोष्ट सांगतो. युरोपच्या अगदी वरच्या टोकाला नॉर्वे नावाचा देश आहे. विजेच्या मोटारींत त्याचा जगात पहिला नंबर. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या १० नव्या मोटारींतल्या जवळजवळ ९ पूर्ण विजेवरच्या होत्या. विजेच्या मोटारींचं भविष्य कसं असेल म्हटलं की सगळे त्याच देशाकडे बोट दाखवतात. पण त्या देशातही आदिवासी आहेत, हे फारसं कोणी सांगत नाही.

त्यांना सामी म्हणतात. रेनडिअर म्हणजे मोठ्या शिंगांच्या हरणासारखं जनावर. त्याचे कळप राखणं हा त्यांच्यातल्या बऱ्याच घरांचा पिढीजात धंदा. हिवाळ्यात तिथे सगळीकडे बर्फ असतो. ज्या उघड्या माळावर वारा बर्फ टिकू देत नाही, तिथे जनावर खुराने खरवडून दगडफुलासारखं खाणं शोधतं. म्हणजे ज्या माळाला वारा जास्त, तोच हिवाळ्याचा चरणीचा माळ. आणि पवनचक्कीवाल्या कंपनीलाही तोच माळ हवा.

फोसेन नावाच्या भागात २०१० साली सरकारने पवनचक्क्यांना परवाने दिले. सामी लोकांनी विरोध केला, सरकारकडे अपील केलं, कोर्टात गेले. सरकार म्हणालं, ही तर स्वच्छ वीज, हवामानासाठी आहे. २०१६ ला काम सुरू झालं. २०१८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदाविरुद्धच्या समितीने नॉर्वेला कळवलं की काम थांबवा. ते थांबलं नाही. २०२० पर्यंत स्टोरहेया आणि रोआन या दोन माळांवर मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या झाल्या. रेनडिअर फिरणाऱ्या पात्यांजवळ जात नाही. म्हणजे माळ जागेवर राहिला आणि चरणी गेली. मधल्या कोर्टाने तोडगा काढला की हिवाळ्यात जनावरांना विकतचा चारा घाला, त्याचे पैसे कंपनीने द्यावेत. हा तोडगा आपल्या ओळखीचा आहे. जमीन घ्यायची आणि रेशनचं पोतं दाखवायचं, असाच तो.

सामी लोकांनी लढाई सोडली नाही. ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: या पवनचक्क्यांमुळे सामी लोकांचा आपली संस्कृती जगण्याचा हक्क मोडला आहे, परवाने अवैध आहेत. विकतच्या चाऱ्यावर भिस्त ठेवता येणार नाही, हेही कोर्टाने सांगितलं. निकालाला आधार होता नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ चा. हा करार भारतानेही १९७९ साली मान्य केला आहे, हे लक्षात ठेवा.

आपण म्हणू, झालं, जिंकले. पण पुढचं ऐका. निकालात चक्क्या काढून टाका असं वाक्य नव्हतं. सरकार म्हणालं, अभ्यास करतो. चक्क्या फिरत राहिल्या, वीज विकली जात राहिली. असे ५०० दिवस गेले. मग २०२३ च्या फेब्रुवारीत सामी पोरं-पोरी राजधानीत, ओस्लोला, ऊर्जा मंत्रालयात जाऊन बसली. निषेध म्हणून त्यांनी आपला पारंपरिक पोशाख उलटा करून घातला होता. हवामानासाठी जगभर आंदोलनं करणारी ग्रेटा थनबर्ग त्यांच्यासोबत येऊन बसली. पोलिसांनी सगळ्यांना उचलून बाहेर काढलं. हवामान वाचवणारी पोरगी पवनचक्कीच्या विरोधात कशी, असं कित्येकांना कोडं पडलं. आम्हाला त्यात कोडं वाटत नाही. हवामान वाचवायचं म्हणजे आदिवासीला हटवायचं, हा हिशोब तिला मान्य नव्हता, एवढंच.

त्यानंतर सरकारने माफी मागितली. २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या मार्चमध्ये सामी लोकांच्या दोन गटांशी समझोते झाले. दरवर्षी पैसे, हिवाळ्याला दुसरीकडे चरणी, आणि एका गटाला असा हक्क की परवान्याची मुदत संपल्यावर ती वाढवायला ते नाही म्हणू शकतील. हे सगळं त्यांनी लढून मिळवलं. पण चक्क्या तिथेच आहेत. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टात पूर्ण जिंकूनही माळ मोकळा झाला नाही. कारण निकाल आला तेव्हा खांब उभे होते, आणि उभा राहिलेला खांब काढायला कोणतंच सरकार तयार होत नाही.

याच्या शेजारी आपल्या देशातली दुसरी गोष्ट ठेवा. मोटारीला बॅटरीचं ओझं होतं म्हणून बाकीचा सांगाडा हलका, अॅल्युमिनियमचा करतात. अॅल्युमिनियम बॉक्साईटपासून होतं. ओडिशातल्या नियमगिरीच्या माथ्यावर बॉक्साईट आहे, आणि तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचा देव आहे. खाणीला त्यांनी विरोध केला. १८ एप्रिल २०१३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इथल्या लोकांचे देवाचे आणि जंगलाचे हक्क ग्रामसभेपुढे ठेवा. १२ गावांत ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला केंद्राने खाणीची परवानगी नाकारली. पायथ्याचा कारखाना बाहेरून बॉक्साईट आणून चालला, पण नियमगिरी फोडला गेला नाही.

सामी लोक आपल्यापेक्षा शिकलेले, त्यांचा देश श्रीमंत, त्यांची स्वतःची संसद आहे. डोंगरिया कोंध आपल्यासारखेच गरीब. तरी एकाचा डोंगर वाचला आणि दुसऱ्याचा माळ अडकला. दोघांची जिद्द सारखीच होती. फरक वेळेचा पडला. नियमगिरीत लोकांचं 'नाही' खाण सुरू व्हायच्या आधी कागदावर आलं. फोसेनमध्ये लोकांचं 'नाही' होतं, पण त्याला कायद्याची मोहर लागेपर्यंत काम संपलं होतं. म्हणून आम्ही सांगतो, जे काय म्हणायचं ते खांब उभा राहायच्या आधी म्हणायचं, आणि ग्रामसभेच्या वहीत म्हणायचं.

आपल्याकडे वेळ कमी का आहे तेही सांगतो. सोलर आणि पवनचक्कीच्या प्रकल्पांना पर्यावरणाच्या परवानगीची अट नाही. म्हणजे जनसुनावणी होत नाही. कोळशाच्या वीजघराला निदान मंडप घालून लोकांना ऐकून घेतल्याचं दाखवावं लागतं, इथे तेही नाही. जंगल जमीन द्यायची असेल तर ग्रामसभेची संमती आधी घ्या, असं केंद्राचं २००९ चं परिपत्रक होतं. २०२२ च्या नव्या नियमांनी ते उलटं केलं: केंद्राची मंजुरी आधी, वनहक्काची पूर्तता नंतर राज्याने बघायची. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानेही याला हरकत घेतली होती. आणि विजेच्या लाईनचे मनोरे तर जमीन संपादन न करताच शेतातून जातात, नुसती भरपाई देऊन. कागद तुमच्यापर्यंत चालत येईल म्हणून वाट बघत बसलात तर मंजुरी झाल्यावरच तो बघायला मिळेल.

पण आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. २००६ चा वनहक्क कायदा अजून जागेवर आहे. त्यातलं कलम ४ (५) म्हणतं की हक्काची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येत नाही. कलम ४ (४) म्हणतं की वनहक्काची जमीन वारसाला मिळते, पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तेव्हा वनपट्टेवाल्याकडून कोणी स्टँप पेपरवर संमती मागत असेल तर तो फसवणुकीचा कागद आहे, अंगठा देऊ नका. सातबारावरच्या आदिवासीच्या मालकी जमिनीला जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आहे. बिगर-आदिवासीला विकायची, गहाण ठेवायची, भाड्याने द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि पेसाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे आपला पाडा स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. मोठ्या गावच्या सभेत आपला आवाज बुडतो, ही तक्रार आता करत बसायला नको.

सगळ्यात मोठं काम सामूहिक वनहक्काचं. खाजगी प्लॉटचे दावे बहुतेकांनी टाकले. पण माळ, राई, पाणवठा, चरणी, देवाची जागा हे सगळं गावाच्या नावाने मागायचा दावा बऱ्याच पाड्यांचा अजून बाकी आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने तो २००९ सालीच मिळवला. ज्या दिवशी तो हक्क आपल्या नावावर चढेल त्या दिवशी 'पडीक' हा शब्द खोडला जाईल. मग कोणाला माळ हवा असेल तर त्याला ग्रामसभेपुढे येऊन बसावं लागेल.

आता एक खरी गोष्ट बोलू, कारण ती पाड्यात बोलली जाते आणि बुलेटिनमध्ये लपवून उपयोग नाही. आपल्यातली काही पोरं म्हणतात, सोलरला जागा दिली तर काय बिघडलं? शेतकऱ्यांसाठीच्या सौर वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आहे, म्हणजे एकरी ५० हजार. वरईत एवढं सुटतं का? भट्टीवर सहा महिने मरूनही उचल फिटत नाही. ही पोरं गद्दार नाहीत. त्यांचा प्रश्न पोटाचा आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे.

उत्तर असं. भाडं ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळतं. आपण कसतो त्यातली बरीच जमीन कागदावर वनखात्याची नाहीतर सरकारची आहे. तिथे सोलर बसला तर भाडं सरकारी तिजोरीत जाणार, आपल्याला मिळणार वॉचमनची एक-दोन कामं, तीही ठेकेदाराकडून. कुंपण पडल्यावर गुरं कुठे न्यायची, सरपण कुठून आणायचं, हा हिशोब बायांना विचारा, त्या तुम्हाला एकरी ५० हजारांचा भाव लगेच करून दाखवतील. म्हणून ज्याला भाडं हवं आहे त्यानेही आधी हक्काच्या दाव्यावर सही केली पाहिजे. नाव लागल्यावर द्यायचं की नाही, किती द्यायचं, कोणत्या अटीवर द्यायचं, हे सगळ्यांनी बसून ठरवू. एखादा पाडा पूर्ण विचार करून 'हो' म्हणाला तर संघटना त्याच्या आड येणार नाही. पण ते 'हो' पाड्याचं असलं पाहिजे, दलालाच्या जीपमध्ये बसून आलेल्या चौघांचं नाही.

'हो' म्हणायचंच झालं तर आमच्या अटी अशा आहेत. जमिनीची मालकी गावाचीच राहील, मुदतीचा करार होईल आणि तो मराठीत असेल. ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. विजेच्या विक्रीत ग्रामसभेचा दरवर्षी हिस्सा असेल. पहिली तार आपल्या पाड्यात येईल, मग शहराकडे जाईल. देव, पाणवठा आणि गुरांची वाट सोडूनच काम होईल. आणि मुदत संपली की काचा, लोखंड, सिमेंट उचलून माळ होता तसा करून द्यायची जबाबदारी कंपनीची राहील.

सरकारलाही आमचं सांगणं आहे. एवढी घाई असेल तर आधी शहरातली छपरं भरा. केंद्राने २०२४ साली १ कोटी घरांच्या छपरांवर सोलर बसवायची योजना काढलीच आहे. कारखान्यांची, गोदामांची, सरकारी कचेऱ्यांची छपरं मोजा. गुजरातमध्ये २०१२ सालीच कालव्यावर सोलर बसवून दाखवला आहे. एमआयडीसीसाठी घेऊन रिकाम्या पाडलेल्या जमिनी आहेत. तिथे कोणाचं सरपण जात नाही. हे सगळं संपल्यावर आमच्या डोंगराकडे बघा.

आणि मोटारींबद्दल. सरकारने अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. ज्याच्याकडे १५-२० लाखांची मोटार आहे त्याला ही माफी. आमच्या पाड्याच्या रस्त्याला मात्र पैसे नाहीत. विजेवरच चालवायचं तर आधी एसटी चालवा. २०२२ साली पुणे-नगर मार्गावर पहिली विजेची एसटी धावली, ती आमच्या तालुक्यात कधी येणार? एका एसटीत पन्नास माणसं बसतात. त्यात भाजी विकायला जाणारी बाई बसते, आश्रमशाळेतलं पोर बसतं, दवाखान्यात जाणारी म्हातारी बसते. धूर कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच. आणि पाड्याला एक विजेची रुग्णगाडी दिली तर तिच्यासाठी थोडी जागा आम्ही स्वतः काढून देऊ.

साथींनो, काम आता तुमच्यावर आहे. होळीला भट्टीवरची माणसं घरी येतात. पाडा पुरा भरलेला असतो असे वर्षातले ते चारच दिवस. यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाड्यात सभा घ्यायची. वनहक्काच्या ठरावाला निम्मी तरी माणसं हजर लागतात आणि त्यात तिसरा हिस्सा बायांचा लागतो, हे विसरू नका. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, कायदा ते पुरावा म्हणून धरतो. माळाच्या प्रत्येक तुकड्याचं आपण ठेवलेलं नाव, तिथे कोण काय पिकवतं, कोणता देव बसतो, कोणत्या वाटेने गुरं जातात, याचा नकाशा काढा. ज्या दगडांवर चुन्याचे आकडे पडलेत तेही नकाशात दाखवा, तारखेसकट. आणि शेवटी ठराव: ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय आमच्या हद्दीत कोणतीही मोजणी, खोदाई, खांब होणार नाही. ठरावाची एक प्रत प्रांत कचेरीत द्यायची आणि पोच घ्यायची. पोच नाही घेतली तर ठराव दिलाच नाही असं समजा.

दाव्याचा आणि ठरावाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि भट्टीवर असलेल्या माणसांपर्यंत हा अंक होळीच्या आधी पोचवा.

जिंदाबाद!